पोटातल्या बाळाला दिलेलं रक्त

मी जन्मले आणि बाराव्या दिवशी मला विकलं. सुपात कोंडा पसरून मला त्यात निजवलं आणि उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेजारच्या काकूने मला उचललं आणि आईने मूठभर तांदूळ देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. ज्या घरात मुलं टिकत नाहीत, तिथे आमच्याकडे असं करत. न्यायला येणाऱ्याला वाटावं, ही पोर या घरची नव्हेच.

आमच्या घरात टिकत नव्हती. थोरला भाऊ जगला, त्याच्या पाठची तिघं गेली. तळ्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव. पावसाळ्यात एक भाताचं पीक निघे, मग वर्षभर आईबाप मिळेल त्याच्याकडे गवत कापायला जात. आई पोटुशी असतानाही डोक्यावरून भारे वाहायची. पण भाऱ्यांना दोष देऊन चालणार नव्हतं, ते वाहावेच लागत. मग आजीने दुसरं कारण शोधलं. भावाच्या पाठचं बाळ जन्मलं तेच पिवळंधमक. दोन दिवस जगलं. आजी म्हणाली, "गरे खाल्लेस ना गं अधाशासारखे? बघ, पोर गऱ्यासारखं पिवळं झालं."

त्या दिवसापासून आईने फणस सोडला. परसात फणसाचं झाड. दर उन्हाळ्यात ती हाताला तेल लावून फणस फोडायची, सगळ्यांना गरे काढून द्यायची आणि स्वतः आठळीसुद्धा तोंडात घालायची नाही. तरी पुढची दोन पोटातच गेली. मग मी आले आणि राहिले. का राहिले? सगळे म्हणत, विकली म्हणून.

अशी विकलेली पोर बी.कॉम. झाली. आमच्या दोन्ही घराण्यांत पदवीचा कागद आणणारी मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण तो कागद आणायला रोज दीड तास एसटीत उभी राहिलेली मीच आहे. पण पुढे जे घडलं त्यात माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला नाही, हेही मलाच सांगावं लागेल.

लग्नानंतर मी आगरदांड्याला आले. नवरा जेट्टीवर नोकरीला. पहिली मुलगी दवाखान्यात झाली, छान झाली. नर्सने मला एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "तुमचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. पुढच्या वेळीही घ्यायचं, विसरू नका." मी मान डोलावली.

पुढच्या वेळी तिसरा महिना संपत आला होता तेव्हा घरीच सगळं वाहून गेलं. तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, ही आमची रीत. जे आहे म्हणून सांगितलंच नव्हतं, ते गेलं म्हणून कुणाला सांगणार? नवऱ्याला आणि आईला माहीत, बस. आईने काढा करून पाजला. दवाखाना नाही, इंजेक्शन नाही.

दीड वर्षाने पुन्हा दिवस राहिले. या वेळी अलिबागला नाव घातलं. फॉर्मवर प्रश्न होता, याआधी गर्भपात? मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'.

रक्ताचा रिपोर्ट आला आणि तिथून मला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सोबत आई. तिथल्या डॉक्टरबाई पोटातल्या बाळांच्याच डॉक्टर. अशी डॉक्टर असते हेच मला तेव्हा कळलं.

त्यांनी फॉर्म वाचला, रिपोर्ट वाचला. "पहिल्या वेळी इंजेक्शन घेतलंत. मध्ये काही झालं नाही म्हणता. मग बाळाच्या रक्ताशी लढणारं हे तुमच्या रक्तात आलं कुठून?"

मी फॉर्मवरच्या माझ्या अक्षराकडे बघत राहिले.

"हे बघा, मी रागवायला बसले नाही. बाळ पोटात आजारी पडायला लागलंय. मला खरं लागेल."

"एक गेलं होतं," मी म्हणाले. "घरीच."

बाईंनी लिहून घेतलं आणि त्या आईकडे वळल्या. "मावशी, तुम्हाला किती मुलं?"

या प्रश्नाला आई जन्मभर 'दोन' म्हणत आली. माझ्यादेखत कितीदा तरी म्हणाली असेल. तिने माझ्या पोटाकडे बघितलं. "पाच," ती म्हणाली. "दोन हायत."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला सगळं विचारलं. पिवळं बाळ, पोटात गेलेली दोन, सगळं. मग समजावलं. आईचंही रक्त निगेटिव्ह असणार. थोरल्याचं पॉझिटिव्ह. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं आणि तिच्या शरीराने ते शत्रू म्हणून ओळखून ठेवलं. पुढची तिघं तशाच रक्ताची आली आणि तिच्या शरीराने ते रक्त मोडून टाकलं. हे होऊ नये म्हणूनच ते इंजेक्शन, आणि मधल्या वेळी मी ते घेतलं नव्हतं.

"मग ही?" आईने माझ्याकडे बोट केलं.

"हिचं रक्त तुमच्यासारखंच निगेटिव्ह. तुमच्या शरीराला ही परकी वाटलीच नाही. म्हणून वाचली."

मी खुर्चीत बसून ऐकत होते. ज्या रक्ताने मला वाचवलं, तेच आता माझ्या बाळाचं रक्त मोडत होतं.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "मग म्याडम, फणसाचा काय संबंध न्हाय?"

"फणसाचा?"

"गरे खाल्ले व्हते मी."

"नाही हो मावशी. फणसाचा काहीच संबंध नाही."

"बघ," आई माझ्यावरच डाफरली, "फुकट सोडला!"

दर आठवड्याला मुंबईची फेरी सुरू झाली. सोनोग्राफीत बाई बाळाच्या मेंदूतल्या एका शिरेतलं रक्त किती वेगाने पळतंय ते मोजायच्या. रक्त पातळ झालं की ते जोरात पळतं. हातभर लांबसुद्धा नसलेल्या जिवाच्या डोक्यातली शीर, आणि तिच्यातल्या रक्ताचा वेग! सातवा महिना लागला आणि एके दिवशी बाई म्हणाल्या, "आता थांबता येणार नाही. बाळाला रक्त द्यायचं."

"म्हणजे मला?"

"तुम्हाला नाही. बाळाला. नाळेतून."

सुई माझ्या पोटातून गेली. दुखलं, पण मी पडद्याकडे बघत होते. सुईची पांढरी रेघ नाळेपाशी जाऊन थांबली. बाळ हलू नये म्हणून आधी त्याला औषध दिलं. मग रक्त सोडलं आणि नाळेत चांदण्या पळायला लागल्या. खरंच सांगते, चांदण्याच. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बाळात शिरत होतं. चहाचा छोटा पेला भरेल, एवढंसं. मी हात जोडणार होते, पण हलायला बंदी होती.

त्यानंतरचे दोन तास पोटात काहीच हललं नाही. औषधामुळे असं होतं, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. तरी आई माझ्या पोटावर तळवा ठेवून बसली. तिने दोनदा हे थांबणं ओळखलेलं होतं. नवरा दारात उभा होता, त्याच्याकडे मला बघवेना.

मग तिचा हात उडाला. "हाणली गं! लाथ हाणली, बाय!"

असं तीनदा रक्त दिलं. छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. अंगाने फिकी होती पण रडली जोरात. तिच्या रक्ताचा गट तपासला तर ओ निगेटिव्ह निघाला. बाप ए पॉझिटिव्ह, मुलगीही पॉझिटिव्हच असणार, असं बाई आधीपासून सांगत होत्या. मी गोंधळले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "हिच्या अंगात अजून हिचं स्वतःचं रक्त फारसं नाहीच. तीन अनोळखी माणसांचं आहे."

ती तीन माणसं कोण, मला कधी कळणार नाही. बाजारात, जेट्टीवर, कुणाही अनोळखी माणसाकडे बघताना अजून मनात येतं, हा तर नसेल?

मुलगी मे महिन्यात घरी आली. आईने फणस फोडला, सगळ्यांना गरे वाटले आणि स्वतः इतके खाल्ले की दुसऱ्या दिवशी पोट धरून निजली.

धाकटी आता पाच वर्षांची आहे. आईला कुणी विचारलं तर ती पाच मुलं सांगते, मी तीन सांगते. माझ्या दोघी शाळेत जातात. धाकटीचा रक्तगट पुढे पुन्हा तपासला, तो ए पॉझिटिव्ह आला. आता तिच्या अंगात तिचं स्वतःचं रक्त आहे.