दामूकाका आणि तिसरी पिन

दामूकाकांना प्लगची तिसरी पिन सहन होत नसे. नवं मशीन घरात आलं की ते आधी पक्कड शोधत आणि ती जाड पिन मुळापासून मोडून टाकत. "दोन तारांत काम होतं. ही तिसरी कंपनीवाल्यांनी किंमत वाढवायला लावलीय," असं म्हणत मोडलेली पिन समुद्राकडे भिरकावत.

डहाणूजवळच्या चिखले गावात ते आमचे शेजारी. नावा दुरुस्त करण्याची त्यांना भारी हौस. स्वतःची नाव तर करायचेच, दुसऱ्याचीही न विचारता करायला घ्यायचे. किनारा जवळ म्हणून लाइट आमच्या ओट्यावरच्या बोर्डातून. तिथून वाळूवर जाणाऱ्या वायरीला जोडावर जोड होते. जोडांवर टेप, आणि टेप संपली तिथे दुधाची पिशवी गुंडाळलेली. नाव घासायच्या ग्राइंडरच्या चाकावरचं झाकण त्यांनी पहिल्याच दिवशी काढलं. "झाकण भांड्याला असतं," म्हणाले. पुतण्याने दिलेला संरक्षक चष्मा मात्र त्यांनी वाया घालवला नाही. झरी गावी भाचीच्या लग्नात तो दिवसभर घातला.

"काका, वाळू ओली आहे, पायात बूट तरी घाला," मी एकदा म्हटलं.

"अरे, करंट माणूस बघून लागतो. मला ओळखतो तो."

२०१६च्या उन्हाळ्यात एका सकाळी भरतीचं पाणी नुकतंच उतरलं होतं. काका नावेच्या बुडाला ग्राइंडर लावून बसले होते. त्यांची बायको हिराकाकी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आली. वायर वाटेत आडवी. पायात अडकू नये म्हणून ती वाकली आणि ओल्या हाताने वायर बाजूला करू लागली. हात नेमका सुटलेल्या जोडावर पडला. पाटी खाली आली, काकी खाली बसली, पण मूठ उघडेना.

"सोड! अगं सोड ती!" काका ओरडत तिच्याकडे धावले.

"दामू, हात लावू नको तिला!" ओट्यावर कोलंबी सोलत बसलेली माझी आई किंचाळली आणि तिने खटकन बटण बंद केलं. काकीची मूठ सुटली. तिला रिक्षात घालून आम्ही डहाणूला नेलं. वाटभर काका तिचा दुसरा हात धरून बसले होते, आणि मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

काकी वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी राहिली. मासळी कापायला ती डाव्या हाताने शिकली. काकांना कंठ फुटायला फारसा वेळ लागला नाही. भेटायला आलेल्या पहिल्या पाहुण्याला ते म्हणाले, "शेजारणीने बटण बंद केलं." पुढच्याला म्हणाले, "आम्ही बंद केलं." आठवडा संपेपर्यंत बटण त्यांनी एकट्याने बंद केलेलं होतं. मी चिडलो, तर आई म्हणाली, "सांगू दे. तेवढीच त्याला झोप लागेल."

आणि मग काका सुधारले. म्हणजे आम्हाला सुधारायला लागले. अखंड नवी वायर आली, रबरी बूट आले, आमच्या बोर्डावर त्यांनी आपल्या खर्चाने करंट तोडणारा स्विच बसवून घेतला. किनाऱ्यावर कुणी ड्रिल काढलं की काका हजर. "पिन दाखव. जोड दाखव. चाक बदलताना प्लग काढलास का?" तिसऱ्या पिनचं महत्त्व ते असं सांगत की जणू ती त्यांनीच शोधून काढली होती.

एकदा पोरं नाव घासत होती. काका भाषणाच्या मध्यावर होते. "हे पुस्तकातलं नाही, बाबांनो. हा माझा अनुभव आहे."

बाजूला काकी सुके बोंबील निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अनुभव माझा. तुमची नुसती बडबड."

पोरं हसली. काकांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. खाली बसले आणि तिच्या पुढ्यातले बोंबील निवडू लागले. पोरांनी हसू आवरलं, आणि त्यांच्यातल्या एकाने जाऊन आपल्या ग्राइंडरची वायर ओल्या वाळूवरून उचलली आणि नावेच्या काठावर टांगली.