निवटीची चाल

नागूबायचं नाव सगळ्यात आधी लिहिते. पुढे प्रवासाचं सांगण्यात मी रमून जाईन आणि ते मागे पडेल, अशी मला भीती आहे. नागूबाय म्हणजे पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली बाई. डोक्यावर पाटी घेऊन खांदा कॉलनीत दारोदार मासे विकते. तिने मूठभर राख दिली नसती तर मी गुपचूप आपल्या गावी, तुमसरला परतले असते आणि हा प्रवास कोणाला सांगितलाच नसता.

तुम्ही मला दुकानात बघता. मी शिलाई मशीन दुरुस्त करते. शाळा सहावीत सुटली, त्यानंतर जे शिकले ते नवऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसून. त्यांची नजर अधू झाल्यापासून दुकान मीच बघते. तंत्रनिकेतनातल्या दोन मुली, चैताली आणि प्रांजल, एक दिवस दुकानात आल्या. पनवेलला कॉलेजच्या मुलामुलींची यंत्रमानवांची स्पर्धा होती. पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी घेऊन यंत्राने सनमायकाचा चढ चढायचा, आणि यंत्राला चाक नको, पट्टा नको. चाक नाही तर मग काय, हे शोधत त्या गावभर फिरत होत्या.

मी एक मशीन उघडून बसले होते. सुईच्या खाली पत्र्याच्या फटीत बारीक दाते असतात. ते वर येतात, कापड एका टाक्याएवढं पुढे ढकलतात, खाली बुडतात, कापडाला न लागता मागे जातात आणि पुन्हा वर येतात. चैताली बराच वेळ बघत राहिली.

"काकू, हे उलटं करून जमिनीवर ठेवलं तर?"

"तर कापडाऐवजी जमीन ढकलली जाईल," मी म्हटलं. "जमीन काही सरकणार नाही, म्हणून मशीनच चालू लागेल."

बोलून गेले आणि मलाच हसू आलं. पण चार महिन्यांनी ते खरंच चाललं. गाडीच्या वायपरची मोटर, लाकडी पट्ट्यांच्या दोन जोड्या, पट्ट्यांखाली हवाई चपलेचं रबर. एक जोडी जमिनीवर टेकलेली असली की दुसरी हवेतून पुढे यायची. चाल इतकी सपाट की वर ठेवलेली वाटी नुसती तरंगत गेल्यासारखी दिसे.

त्यांच्या सरांना यायला जमेना. मोठी बाई सोबत असल्याशिवाय मुलींना घरचे सोडेनात. म्हणून मी निघाले. प्राचार्यांनी निघताना सांगितलं, "तिथे चढ चढून दाखवा. जमलं तर पुढच्या वर्षीही मुलींना पाठवू. नाहीतर हे शेवटचं." हे वाक्य मी सगळ्या वाटेवर उराशी धरून बसले होते.

यंत्रासाठी मी जुन्या गोधडीची खोळ शिवली होती. गाडीत ते खालच्या बाकावर खिडकीशी निजलं. समोरच्या आजोबांनी हळू आवाजात विचारलं, "बाळाला बरं नाही का?" प्रांजलला हसू आवरेना. मी खोळीची कड सारखी करत "झोपलंय जी" म्हणून गेले. बाहेर धानाची कापलेली शेतं मागे जात होती, मग कापसाची, मग नुसती काळी माती, आणि मला वाटत होतं की गाडी जागीच उभी आहे, खालून जमीनच कोणीतरी टाक्याटाक्याने ओढून घेतंय.

कल्याणला उतरून एसटीने पनवेल. कळंबोलीला दोन्ही बाजूंना लोखंडाच्या पट्ट्यांचे ढीग, रांगेत उभे ट्रेलर, आणि लगेच पुढे रोडपालीच्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. लांब धुरकट डोंगरांच्या ओळीत कर्नाळ्याचा सुळका वर आलेला. कोणीतरी अंगठा वर करून "थांब जरा" म्हणतंय असा. मी तुमसरहून इतक्या लांब पहिल्यांदाच आले होते. त्या अंगठ्याकडे बघून मी खोळ मांडीवर ओढून घेतली.

खांदा कॉलनीत प्रांजलच्या मामी राहतात. त्यांनी आम्हाला हॉलमध्ये गाद्या घालून दिल्या. "ॲक्च्युली तुम्ही टेन्शन घेऊ नका काकू," त्या म्हणाल्या. "कॉलेज इथून वॉकिंग डिस्टन्सवर आहे." मी हो म्हटलं आणि टेन्शन घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आम्हाला खाडीकडे फिरायला घेऊन गेल्या. मी समुद्र बघायला मिळेल म्हणून निघाले होते. समोर होता चिखल. ओहोटीने उघडा पडलेला, चांदीच्या ताटासारखा चमकणारा, कडेला खारफुटीची झुडपं, त्यांच्यावर अर्धवट विरलेलं धुकं. पाण्याचा आवाज कुठूनच येत नव्हता. बगळे इतके स्तब्ध की कोणी टाचणीने टोचून ठेवलेत असं वाटावं. आणि त्या चिखलावर काहीतरी चालत होतं.

बोटभर लांबीचे मासे. डोळे डोक्यावर. पुढचे दोन पंख एकदम टेकवायचे, अंग पुढे ढकलायचं, पंख उचलायचे, मागून पुढे आणायचे, पुन्हा टेकवायचे.

"चैताली," मी तिचा हात धरला. "बघ. आपलं यंत्र चाललंय."

दोघी उकिडव्या बसल्या आणि बघत राहिल्या. मामी म्हणाल्या, "निवट्या आहेत त्या. खातात इकडे." आमच्याकडे बोडीत (लहान तळ्यात) मासे काय कमी असतात? पण पाणी सोडून फिरायला निघालेला मासा मी जन्मात पाहिला नव्हता. धुकं वर गेलं तरी मला उठवेना.

घरी आलो तर दारात नागूबाय. हिरवं लुगडं, केसांत अबोली, पाटीत त्याच निवट्या, जिवंत.

"बग गो बाय, कश्या उरतान (उड्या मारतात)! कुटशी आयलाव तुमी?"

मी तुमसर सांगितलं, तिला काही बोध झाला नाही. धंदा सांगितला तेव्हा मात्र ती उंबऱ्यावर टेकलीच. "माज्या घरा पन मशीन हाय. सासूची. खाऱ्या वाऱ्यानं गंजली, हलतंच नाय. बगशील?"

"परवा परत जायचंय हो," मी म्हटलं. "वेळ मिळाला तर बघते."

"आयली नवी बाय, आनि लगेच टायम नाय," ती मामींना म्हणाली, आणि हसली. बोलता बोलता तिने कमरेच्या पुरचुंडीतून चुलीची राख काढली, निवटीला चोळली आणि ती बुळबुळीत वस्तू चिमटीत अशी धरली की हलेना. दुपारी मामींनी निवट्यांचं आंबट-तिखट कालवण केलं, सोबत तांदळाची भाकरी. मी भात खाणारी, पण त्या दिवशी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी आम्ही गॅलरीत यंत्र जोडून चालवलं. ते चालताना चूं चूं करत होतं. मुली आत चहा घ्यायला गेल्या, आणि माझा हात पर्समध्ये गेला. तेलाची कुपी माझ्या पर्समध्ये असतेच, जशी तुमच्या पर्समध्ये कंगवा. सांध्यासांध्यात सोडलं तेल, उद्याच्या भीतीने जरा जास्तच. चूं चूं थांबलं. मी खोळ घातली, कोणाला काही बोलले नाही.

आमच्या धंद्यातला पहिला नियम सांगते. मशीनला तेल दिलं की आधी चिंधीवर शिवून घ्यायचं, तेल निथळून निघेपर्यंत. मगच गिऱ्हाइकाचं कापड. हा नियम मी या दोघींनाही शिकवला होता.

सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये मला स्वप्नात शिरल्यासारखं झालं. तिथे चढाशिवाय वस्तू उचलायचाही गट होता, नंबर मात्र सगळ्यांत मिळून काढायचे होते. एका यंत्राला छत्रीच्या काड्यांचा पंजा होता, मिटला की चेंडू अलगद आत. एकाचा हात मोजपट्टीच्या पत्र्याचा, गुंडाळून पोटात ठेवलेला, सुर्रकन बाहेर यायचा आणि ताठ उभा राहायचा. एका मुलाने फुग्यात रवा भरला होता. फुगा वस्तूवर टेकवायचा, मोठ्या सिरिंजने आतली हवा ओढायची, की रवा घट्ट होऊन वस्तूला धरून बसायचा. चमचा, खिळा, अंडंसुद्धा. "रवा भाजलेला की कच्चा?" मी विचारलं. "कच्चा, काकू. भाजलेला हॉस्टेलवर संपला," तो म्हणाला. सगळी पोरं बटणांच्या मोबाईलवर एकमेकांच्या यंत्रांचे फोटो काढत होती. कोणी कोणाचं चोरतंय असं तिथे कोणाला वाटत नव्हतं. मी त्या यंत्रांमधून अशी फिरत होते की पाय जमिनीला लागतायत का, तेही कळेना.

मग सरावासाठी आमचं नाव पुकारलं. यंत्र चढावर ठेवलं. ते दोन पावलं चढलं, थांबलं, आणि पाय टाकत टाकतच मागे घसरत खाली आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच.

चैतालीने ते उलटं केलं. चपलेचं रबर चमकत होतं. "सकाळी पाय कशाने पुसलेस गं?"

"ओल्या फडक्याने," प्रांजल म्हणाली.

"त्या फडक्याला नक्की काहीतरी होतं. एक काम नीट करत नाहीस तू!"

प्रांजलचे डोळे भरले. माझ्या पर्समध्ये कुपी होती, तिचा वास मला येत होता. रात्रभर तेल सांध्यांतून ओघळून तळव्यांत मुरलं होतं. मी तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच: "मी... बाहेर काही मिळतं का बघून येते." त्यांनी साबणाने पुसलं, कोरड्या कापडाने पुसलं. रबर बुळबुळीतच. आमची पाळी जेवणानंतर होती. नवं रबर कुठे शोधायचं, चिकटवायचं कधी, वाळायचं कधी?

फाटकाबाहेर बसथांब्याच्या सावलीत नागूबाय पाटी घेऊन बसली होती. तिला बघितलं आणि मला रडू फुटलं.

"ररतंस कनाला (कशाला)?"

सगळं सांगितलं. तेलाचं, प्रांजलचं, प्राचार्यांचं. तिने ऐकून घेतलं.

"मना कनाला सांगतंस? त्या पोरीला सांग." मग कमरेची पुरचुंडी चाचपत उठली. "चल. निवटी काय, चप्पल काय, बुलबुलीत ते बुलबुलीत."

आमच्याकडेही मागूर मासा राखेनेच धरतात. मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही, एवढंच.

फाटकावर वॉचमनने काठी आडवी केली. "ए मावशी, मच्छी लेके अंदर नहीं!"

"मासं नाय, राख हाय. आनि मासं तुजेपाशी ठेवतंय, बग जरा," असं म्हणून तिने पाटी त्याच्या खुर्चीजवळ ठेवली आणि काठीखालून वाकून आत शिरली.

हॉलमध्ये शे-दोनशे मुलांमधून ती अनवाणी चालत आली. यंत्र मांडीवर आडवं घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी राख रबरात चोळायला लागली. चोळायची, खरवडून काढायची, पुन्हा चोळायची. राख काळी, चिकट होऊन निघत होती. आजूबाजूची मुलं गोळा झाली. तिने मान वर केली नाही, फक्त मला कोपराने ढोसलं.

"प्रांजल," मी म्हटलं, "फडक्याला काही नव्हतं. काल मी तेल घातलं. न विचारता. आणि तुझ्यावर आलं तरी गप्प बसले."

मला वाटलं, आता ह्या मला काकू म्हणणार नाहीत. चैताली माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"चिंधीवर शिवून घ्यायचं विसरलात ना?"

प्रांजल डोळे पुसत हसली. चैतालीने तिचा हात ओढून धरला आणि "सॉरी गं" म्हणाली. मला कोणी रागावलं नाही. तेच जड गेलं.

पाचव्यांदा राख पांढरीच निघाली. नागूबायने तळव्यावर अंगठा ओढून बघितला. "आता धरल."

आमची पाळी आली. वाटी भरली, मोटर सुरू झाली. यंत्र चढाच्या तोंडाशी आलं, पहिली जोडी टेकली, दुसरी हवेतून पुढे आली. हॉलमध्ये आवाज होता, पण मला खाडीवरची शांतता ऐकू येत होती. टेकवायचं, ढकलायचं, उचलायचं, पुढे आणायचं. अर्ध्यावर एक पाय सरकला. वाटीत लाट उठली, दोन थेंब सनमायकावरून खाली पळाले. माझी बोटं नागूबायच्या दंडात रुतली. मग दुसऱ्या जोडीने धरलं. यंत्र वर पोचलं आणि तिथे उभं राहिलं, वाटीतलं पाणी हळूहळू स्थिर होत गेलं.

नंबर आमचा आला नाही. वेळ फार लागला होता, आणि छत्रीवाल्यांचं यंत्र खरोखरच देखणं होतं. पण एक पांढऱ्या शर्टातले परीक्षक आमच्या यंत्राखाली बघण्यासाठी सरळ जमिनीवर आडवे झाले. राखेने शर्ट माखला. तसेच पडून त्यांनी विचारलं, "ही चाल कुठून काढलीत?" मुलींनी माझ्याकडे बोट केलं. "तुमचं शिक्षण कशात, मॅडम?"

"सहावी जी. मग मशीनखाली."

"मीही आत्ता तिथेच आहे," ते म्हणाले, आणि आणखी आत सरकले. चढ पूर्ण केल्याचा कागद त्यांनी सही करून दिला. प्राचार्यांसाठी तो पुरेसा होता.

फाटकावर आलो तर वॉचमन खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेला. पाटीतून सुटलेल्या चार निवट्या त्याच्या चौकीच्या ओल्या फरशीवर शांतपणे चालत होत्या. "मावशी, ये तो चलती है!" तो म्हणाला. नागूबाय पदरात तोंड लपवून हसत सुटली. मासे गोळा करताना तिने विचारलं, "पानी सांडला?"

"दोन थेंब."

"तवरा चालतंय."

दुसऱ्या दिवशी एसटी पकडायची होती, म्हणून तिच्या घरी जाणं झालं नाही. सकाळी ती पुन्हा दारात आली, सुकटीची पुडी माझ्या हातात कोंबली आणि मशीनचा शब्दही काढला नाही. परतीच्या गाडीत मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. खोळीतलं यंत्र पुन्हा खिडकीशी. माझा डोळा लागे आणि लगेच तो चंदेरी चिखल समोर यायचा, त्यावर निवट्या, त्यांच्यामागे आमचं लाकडी यंत्र, आणि सगळ्यांच्या मागे मी, अनवाणी, कोणालाही न घाबरता. तुमसर आलं तेव्हा बोटांना अजून राखेचा वास होता.

पुढच्या वर्षी मुली पुन्हा गेल्या, नव्या तुकडीच्या. त्यांच्यासोबत मी नव्हते, दुकान बंद ठेवता आलं नाही. पण मी एक पिशवी भरून ठेवली आहे: मशीनच्या चाकाची वादी, सुयांची पुडी, गंज काढायचा काथ्या, रॉकेलची बाटली, तेलाची कुपी. नागूबाय, मी येईन. तुझ्या सासूचं मशीन खिळान्खिळा उघडीन आणि चालतं करीन. आणि तेल दिल्यावर पहिले टाके चिंधीवरच घालीन.