सशासाठी मतदान

अ‍ॅशबर्नला आमच्या शेजारी एक डच बाई राहतात. त्या त्यांच्या देशात आधी सायंटिस्ट होत्या, मग निवडून येऊन राजकारणात गेल्या, आणि आता लहान मुलांसाठी गोष्टी लिहितात. त्या बोलायला लागल्या की यातलं नेमकं कोण बोलतंय, हे मला अजून कळलेलं नाही. आज हवा छान आहे म्हटलं, तरी "कशाच्या तुलनेत?" असं विचारतात.

परवा त्यांनी कॉलनीतल्या मुलांना बोलावून नवी गोष्ट वाचून दाखवली. बर्फात हरवलेल्या सशापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ससा जगावा असं कोणाकोणाला वाटतं?" सगळ्यांनी हात वर केले. त्यांनी ते नीट मोजले, मुलांचे आभार मानले आणि पान उलटलं. पुढच्या पानावर ससा मेलेला होता.

हे सगळं माझ्या मुलीने घरी येऊन रडत रडत सांगितलं. असलं मतदान घ्यायचंच कशाला? मी चप्पल घालून तावातावाने त्यांच्याकडे निघाले, तर मुलगीच दारात आडवी आली.

"आई, डोन्ट गो. तिने स्वतः पण हात वर केला होता."