पेन ड्राइव्हमधला आवाज

आमच्या घरातला कॉम्प्युटर मुका झाला, तेव्हा सगळ्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं. "चालू आहे की!"

आई म्हणाली, पडदा लागलाय, चित्र दिसतंय, चालू आहे की. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने फोनवर विचारलं, "डिस्प्ले येतोय ना? मग चालू आहे की ताई." मी म्हटलं, आवाज येत नाही. तो म्हणाला, "आवाजाचं काय एवढं. आणून टाका, फॉरमॅट मारून देतो." म्हणजे आतलं सगळं पुसून देतो. एवढं सहज, जणू फरशीच पुसायचीय.

मला दिसत नाही. जन्मापासून नाही. कॉम्प्युटर मी कानाने चालवते. त्यात एक सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. पडद्यावर जे असेल ते ते बोलून दाखवतं. बटण दाबलं की अक्षर सांगतं, बाण दाबला की पुढची ओळ वाचतं. ते गप्प झालं की माझ्यापुरता तो कॉम्प्युटर म्हणजे एक गरम होणारा पत्र्याचा डबा. त्या सकाळी तसंच झालं होतं. रात्रीतून त्याने स्वतःला अपडेट केलं आणि आवाजच घालवून बसला. नुसता माझा रीडर नव्हे, सुरू होताना वाजणारी टिंगसुद्धा गेली. चालू आहे म्हणे.

एरवी मी थोडी कुरकुर करून दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्रक छापखान्यात जायचं होतं, आणि पत्रक त्या डब्यात होतं.

पत्रक कशाबद्दल, तेही सांगते. शहरातल्या एका कार्यालयात नवं टोकन यंत्र बसवलं होतं. पूर्वी शिपाई नंबर ओरडायचा. आता वरच्या पाटीवर लाल आकडे झळकतात म्हणे. झळकतात आणि जातात. आवाज नाही. आमची माणसं हातात टोकन धरून बाकावर बसून राहतात, आपला नंबर कधी येऊन गेला ते कळत नाही. विचारलं तर शिपाई म्हणतो, "मगाशीच गेला की तुमचा, लक्ष कुठं होतं?" लक्ष! या एका शब्दावर माझं डोकं फिरलं आणि मी पत्रक लिहायला घेतलं. बऱ्याच जणांना फोन केले, त्यांनी जसं सांगितलं तसं टाइप केलं. पुढच्या सकाळी कार्यालयाच्या दारात उभं राहून वाटायचं ठरलं होतं.

आमच्या अंधांच्या मंडळाचे प्रमुख एक काका आहेत, निवृत्त, डोळस, मनाने फार चांगले. हेच तर अवघड आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. मी त्यांना फोन करून अडचण सांगितली, तर ते केवढ्या मायेने म्हणाले, "बाळ, तू अजिबात त्रास करून घेऊ नकोस. मी एक मजकूर लिहून ठेवलाय. तोच देऊन टाकू."

"वाचून दाखवता का काका?"

त्यांनी वाचला. 'अंधारात चाचपडणाऱ्या आमच्या या दुर्दैवी बांधवांकडे समाजाने दयेच्या दृष्टीने पाहावे' अशी सुरुवात होती. पुढे दानशूर व्यक्ती आल्या, माणुसकीचा झरा आला. टोकन यंत्र शेवटून दुसऱ्या ओळीत आलं, तेही 'शक्य झाल्यास' असं म्हणून.

"काका, आम्ही चाचपडत नाही. त्यांच्या यंत्राला आवाज नाही."

"तेच म्हटलंय ना मी. जरा गोड करून."

"संध्याकाळपर्यंत थांबा. मी माझं देते."

"छापखानेवाला सहाला बंद करतो. त्याच्या आत आलं तर तुझं. नाहीतर हे आहेच."

हे आहेच! सकाळी त्या दारात मी काय 'दयेच्या दृष्टीने' असलं कागदाचं फडकं वाटणार होते? तेही माझ्याच हाताने?

आई तेव्हा शिलाई मशीनवर होती. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायचं काम ती घरी आणते. मशीन थांबवून म्हणाली, "कुणालातरी बोलव की गं वाचायला."

कुणालातरी. या कुणालातरीवर मी एक वेगळं पत्रक काढू शकेन. डोळस माणूस आपल्यासाठी वाचतो म्हणजे काय करतो? पडद्यावर दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "काय नाही, असंच काहीतरी आलंय." काय आलंय ते महत्त्वाचं की नाही, हे तो आपल्या वतीने ठरवूनही टाकतो. माझ्या त्या फोल्डरमध्ये पत्रकाचे चार-पाच मसुदे होते, नावं सगळ्यांची सारखीच. लोकांचं बोलणं वेगळ्या फायलीत. शेवट लिहायचा राहिलेला. हे सगळं शेजारच्या कुणाला "हे उघडा, नको, ते उघडा, तिसरी ओळ परत वाचा" असं करत पुरं करायचं? तो चहा पिऊन निघून गेला असता. फोनवर नव्याने लिहावं, तर माझी वाक्यं मला आठवली असती, लोकांची नसती. मी त्यांच्या तोंडी माझे शब्द घालणार? मग माझ्यात आणि काकांच्यात फरक तो काय?

फोनमध्ये समोरचं ओळखून सांगणारं ॲप आहे, त्याचा कॅमेरा पडद्यासमोर धरून पाहिला. फोन म्हणाला, "टेबलावर एक संगणक आहे." मी म्हटलं, आभारी आहे.

शेवटी जेऊरच्या मैत्रिणीला फोन लावला. आमची ओळख एका प्रशिक्षण शिबिरातली. तिलाही दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत ती माझ्या दहा पावलं पुढे. शिबिर संपताना तिने मला एक पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात लिनक्स भरलेलं होतं, म्हणजे अख्खी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि त्या सिस्टीमचा स्वतःचा स्क्रीन रीडर. "विंडोज मेलं तर ह्याच्यावरनं मशीन चालू कर, हे आपलं आपण बोलतंय," असं ती म्हणाली होती. मी हसून तो पर्सच्या कप्प्यात टाकला होता. हे इंजिनिअर लोकांचे उद्योग, असं माझं मत.

"आवाज गेला व्हय?" ती फोनवर म्हणाली. "मग पेन ड्राइव्ह काय आंब्याच्या लोणच्यात घातलास?"

"अगं, त्याने माझ्या फायली पुसल्या तर?"

"न्हाय पुसत येडे. ते पेन ड्राइव्हवरनंच चालतंय, तुझ्या डिस्कला हात लावत न्हाय. फक्त सुरुवातीला एक यादी येती, कशावरनं चालू करू असं इचारणारी. तितं कुठलाच रीडर बोलत न्हाय. तेवढ्याला डोळं लागतील. हायत का कुणाचं?"

घरात डोळे होते ते आईचे. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली, घरी तेलुगू, इंग्रजीची मोठी अक्षरं तिला येतात पण शब्द लागत नाहीत. मशीनवरून तिला उठवलं, पडद्यासमोर बसवलं, फोन स्पीकरवर टाकला. आता कॉम्प्युटरपुढे आम्ही तिघी. दोघींना दिसत नव्हतं आणि तिसरीला कळत नव्हतं.

मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून जोडला, बटण दाबून कॉम्प्युटर चालू केला आणि मैत्रिणीने सांगितलेली वरच्या रांगेतली कळ टकटक दाबत राहिले. आई गप्प. बराच वेळ गप्प.

"काकू, काय दिसतंय?" फोनमधून मैत्रीण.

"गेलं," आई म्हणाली.

"काय गेलं?"

"आलं होतं काहीतरी निळं. मी जुळवून वाचत होते, तेवढ्यात गेलं."

"आई! आल्या आल्या ओरडायचं ना!"

"पूर्ण वाचल्याशिवाय कसं सांगू? चुकीचं सांगितलं तर तूच माझ्यावर ओरडतेस."

मैत्रीण फोनमध्ये खिदळत होती. "काकू, चुकू द्या. आलं की नुसतं 'आलं' म्हणा. वाचायचं नंतर बघू."

परत बंद, परत चालू, परत टकटक.

"आलं आलं आलं!" आई एवढ्याने ओरडली की मी कळ सोडून दिली. पण यादी थांबली होती. आईने एकेक अक्षर काढलं. पहिल्या ओळीत डब्ल्यू, आय, एन, डी. दुसऱ्या ओळीत यू, एस, बी.

"दुसरं! तेच!" मैत्रीण म्हणाली. "खालचा बाण एकदा. पांढरी पट्टी दुसऱ्यावर आली का काकू?"

"आली."

"एंटर."

मी एंटर दाबला. आई म्हणाली, "अय्यो, सगळं काळं झालं. बारीक अक्षरं पळतायत."

"पळू द्या, काकू."

"केवढी पळतायत गं. काही बिघडलं नाही ना?"

"पळू द्या हो. त्यांची सवय हाय ती."

माझ्या फायली त्या पळणाऱ्या अक्षरांत मला दिसत होत्या, म्हणजे जे काही दिसणं मला माहीत आहे त्या अर्थाने. मग आई म्हणाली, चित्र आलंय. मैत्रिणीने तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या, ऑल्ट, विंडोजची खूण असलेली, आणि एस. मी दाबल्या.

"स्क्रीन रीडर ऑन."

किती घाणेरडा आवाज होता तो! नाकातला, पत्र्यावर खडे घासल्यासारखा, सर्दी झालेल्या माणसाने डब्यात तोंड घालून बोलावं तसा. माझ्या विंडोजमधली बाई कशी ठसठशीत बोलायची. तरी मला वाटलं, या डब्यातल्या माणसाच्या गळ्यात पडावं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि हसू की रडू ते कळेना. मैत्रीण विचारत होती, "बोललं का? अगं बोललं का?" आणि उत्तर आईने दिलं. "बोललं बाळा. पण सर्दी झालीय त्याला."

त्याच्यापुढे आईची गरज नव्हती. ती उठून मशीनवर गेली. हे मला नीट सांगायचंय, कारण लोकांना ते कळत नाही. आईने मदत केली, तिच्याशिवाय जमलं नसतं. पण मदत संपली आणि ती आपल्या कामाला गेली, हा तर खरा आनंद होता. मदतीला शेवट असला पाहिजे.

डिस्क उघडली तर नवीन अडचण. विंडोज नीट बंद झालेलंच नव्हतं. बंद केलं तरी ते अर्धवट झोपून राहतं म्हणे, म्हणून दुसऱ्या सिस्टीमला त्याच्या डिस्कवर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. "वाचायला मिळतंय तेवढं लई झालं," मैत्रीण म्हणाली. "फाइल पेन ड्राइव्हवर घे, तितं लिही." त्यात आवाज इंग्रजी होता, मराठी अक्षरं आली की अडखळायचा. सेटिंगमध्ये जाऊन त्याला मराठी केला. टायपिंगचा कळफलक तोच होता, मला सवयीचा, बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही.

आणि मग फोल्डर उघडलं. सगळं होतं. एकसारख्या नावांचे सगळे मसुदे, एकही गेला नव्हता. मी बाण दाबत खाली गेले आणि त्या नाकातल्या आवाजाने वळसंगच्या एका बाईंचं बोलणं वाचायला घेतलं. 'मी दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारायची लाज वाटली. मग तशीच घरी आले. टोकन पिशवीतच ऱ्हायलं.'

त्याने एक अक्षर गाळलं नाही. गोड केलं नाही. इचारलं म्हणजे इचारलंच म्हणाला. वाचताना थांबून "बिचारी" म्हणाला नाही.

शेवट मी तिथेच लिहिला. आम्हाला रांगेत पुढे घेऊ नका, हात धरून नेऊ नका, यंत्राला आवाज बसवा, तो विकत मिळतो. एवढंच. पुन्हा सगळं ऐकलं, दोन विशेषणं काढली कारण ती माझी होती, लोकांची नव्हती. फोनचं इंटरनेट जोडून छापखान्याला आणि काकांना मेल टाकला. सहा वाजायचे होते.

काकांचा फोन लगेच आला. मी भांडायच्या तयारीने उचलला.

"वाचलं मी," ते म्हणाले. "जरा कडक झालंय."

"हो."

"दया हा शब्द कुठेच नाही."

"नाही काका."

मग ते म्हणाले, "त्या वळसंगच्या बाईंना ओळखतो मी. मीच नेलं होतं त्यांना त्या कार्यालयात. बाहेर सोडून आलो. मला वाटलं झालं असेल त्यांचं काम." मग म्हणाले, "मी छापखान्यात फोन करतो. तुझंच जाईल. माझं राहू दे."

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. नुसतं सुटल्यासारखं झालं. बाहेर रिक्षावाले नेहमीसारखे हॉर्न मारत होते, आईचं मशीन खडखडत होतं, आणि माझ्यासमोर तो डबा चालू होता, खराखुरा चालू.

कॉम्प्युटर बंद करायला हवा होता. पण मी नुसतीच बाण दाबत बसले. तो वाचत गेला, घड्याळ, बॅटरी, कचरापेटी, मदत, फालतू सगळं. खाली गेले, वर आले, त्याने तेच परत वाचलं.

"आता गप्प कर की त्याला," आई मशीनवरून म्हणाली. "डोकं उठलं माझं."

"बोलू दे गं," मी म्हटलं.