फोटोखालचं नाव

आम्रपालीबाई तुला नेमक्या किती ठाऊक होत्या, असं कुणी विचारलं तर महिपतीला मान खाली घालावी लागेल. राहायला महाडात, शाळा पोलादपूरच्या वर एका वाडीत, चहात साखर कमी, एवढंच. घरी कोण असतं, हेही त्यानं कधी विचारलं नाही.

पोलादपूर स्टँडवर त्याचा पेपरचा स्टॉल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई खाली यायच्या आणि न खपलेल्या अंकांचा गठ्ठा वर्गात पोरांना वाचायला न्यायच्या. परतीचा हिशेब म्हणून महिपती पहिल्या पानावरचं पेपरचं नाव कापून एजंटाकडे पाठवी. उरलेला अंक रद्दी. बाईंना तो बिननावाचाच बरा वाटे. "नाव दिसलं की पोरं भांडतात, आमच्या घरचा पेपर चांगला म्हणून."

गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं आधी विचारतात, "कुणाचा रे तू?" तोच प्रश्न बाईंची पोरं पेपरातल्या माणसांना विचारायची. कातकरीवाडीवर ब्लँकेटं वाटली, तर वाटणाऱ्यांची नावं ओळीनं छापलेली आणि घेणारी नुसती 'आदिवासी भगिनी'. बौद्धवाडी पेपरात यायची ती जयंतीला, नाहीतर तंटा झाला तर. कुणब्यांची, मराठ्यांची, बौद्धांची, कातकऱ्यांची पोरं एकाच सतरंजीवर बसून हे शोधत.

एका शनिवारी शाळा समितीचे अध्यक्ष येसाजी यांनी बाईंना स्टॉलवरच गाठलं.

"बाई, जातपात आमी इसरायला बघताव नि तुमी पोरांना शिकवताव?"

"ती पेपरात आहे, दादा. मी फक्त वाचायला लावते."

"माझी नात इचारते, आजोबा, कातकऱ्यांना नाव नसतं काय? काय सांगू तिला? सोमवारी समितीत ठेवतो. ह्यो वर्ग बंद!" मग ते वळले. "आन् तू रे महिपती, पेपर इकता इकता पुढारी झालास काय?"

महिपती गठ्ठ्याची सुतळी आवळू लागला. बाईंचा चेहरा उतरलेला त्याला बघवेना.

बाईंनी पिशवीतून पोरांनी चिकटवलेला एक कागद काढला. "हे तुमच्या अनुष्कानं केलंय. बघा, मग बंद करा."

वाडीवर दरड कोसळली त्या साली पेपरात आलेला फोटो होता. चिखलात बसून ऊर बडवणारी म्हातारी. खाली छापलेलं, 'दरडग्रस्त महिलेचा आक्रोश'. त्याखाली पेन्सिलीनं, 'कुणाची गो तू? तुळजाबाई. माझी आजी. आमच्या दोन म्हशी गाडल्या गेल्या.'

येसाजींनी कागद लांब धरला, मग जवळ.

"फोटोवाला आलेला त्या दिशी," ते हळूच म्हणाले. "फोटो काढलान नि गेला. कोण, कुठली, काय इचारलान नाय." कागद काही परत देववेना. "नेऊ काय ह्यो?"

"न्या. पण वर्गाच्या भिंतीवर जागा मोकळी राहील."

"मग दुसरं चिकटवा तितं. सोमवारी मला पाण्याच्या टाकीचं बघायचंय."

वर्ग चालू राहिला. पुढच्या वर्षी बाईंची बदली श्रीवर्धनकडे झाली. जाताना त्या स्टॉलवर आल्या.

"नवे गुरुजी गठ्ठा न्यायला येतात की नाही, कोण जाणे."

"नाय आले तर पोरांच्या हाती वर धाडीन."

"पुरवण्या नका देऊ. नुसत्या जाहिराती असतात."

"बरं. गाडी लागली तुमची."

"येते हं."

"या."