बोटांना दिसलेली गाय

मीनल कार्डिफमध्येच जन्मली, वाढली आणि अकाउंट्सची चांगली नोकरी सोडून पाथरवट झाली. "दगड फोडायला तुला युनिव्हर्सिटीत घातलं होतं का?" असं विचारून तिच्या बाबांनी, पुरुषोत्तमरावांनी, महिनाभर अबोला धरला. ती ढळली नाही. पुढे काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली आणि ते तिच्याकडेच राहायला आले.

२००६ साली एका म्युझियमने तिला काम दिलं. प्राचीन इजिप्तच्या एका चुनखडीतल्या उठावशिल्पाची प्रत हवी होती, अंध माणसांना हात लावून पाहता येईल अशी. शिल्पात राजा नाही, देव नाही. एक माणूस गाईची धार काढतोय आणि वासरू गाईच्या पुढच्या पायाला बांधलंय, एवढंच.

मूळ उठाव अगदी पातळ होता. मीनलने तो हुबेहूब उतरवला आणि बाबांचा हात दगडावर ठेवला.

"काय आहे, सांगा."

"भिंत," बाबा म्हणाले. "जरा खडबडीत आहे."

मीनलने त्याच दिवशी म्युझियमच्या हेलनला फोन केला. "मी नवीन दगड घेते. उठाव जास्त ठेवणार."

"मग ती प्रत कशी राहील?" हेलनने विचारलं.

"डोळ्यांसाठी नसेल राहत. पण ही बोटांसाठी आहे ना? दोन्ही दगड हात लावून बघ, मग ठरव."

ती पुन्हा कामाला लागली. गाईच्या पोटाला गोलाई दिली, वासराचा दोर बोटांना लागेल असा सुटा कोरला. बाबा शेडमध्ये खुर्ची टाकून बसू लागले.

"बाबा, माझा छिन्नी कुठे गेला?"

"माझी छिन्नी. कुठे गेली."

"तेच ते! कुठेय?"

काम संपल्यावर बाबांची बोटं सावकाश दगडावरून फिरली. "शिंगं... गाय आहे. हा धार काढतोय. आणि हे... अगं, वासरू! आमच्याकडेही असंच समोर बांधायचे. त्याशिवाय गाय पान्हा सोडायची नाही."

हेलनने डोळे मिटून दोन्ही दगड चाचपले आणि दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "हाच."

उद्घाटनाच्या दिवशी बाबा शिल्पापाशी उभे राहिले ते हलेनातच. येईल त्याला इंग्रजीत सांगत होते, "माझ्या मुलीने कोरलंय."

"बाबा, मागे लाइन लागलीये," मीनल कुजबुजली.

"लागू दे," बाबा म्हणाले आणि पुन्हा वासराच्या पाठीवरून हात फिरवू लागले.