पुसलेले कोड

माझी जुनी स्पोर्ट्स कार आज पुन्हा सुरूच झाली नाही. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. शेवटी दोघांच्या मदतीने ढकलत गॅरेजात आणली. सलीम मेकॅनिकने स्कॅनर जोडला, तर पडद्यावर एकही दोष नाही.

"साहेब, बिघाडाचे कोड तुम्ही पुसलेत?"

पुसले होते. इंजिनात बिघाड झाला की डॅशबोर्डवर लागणारा तो पिवळा दिवा मला बघवत नाही. म्हणून महिनाभर घरच्या छोट्या स्कॅनरने रोज कोड पुसत होतो. दिवा विझला की गाडी बरी झाल्यासारखी वाटायची.

"दुखणं तसंच ठेवलंत आणि खुणा तेवढ्या घालवल्यात," सलीम वैतागला. "आता दिवा परत लागू दे, मग बघू."

मी बाकावर टेकलो. गाडीचं बरं आहे, तिचा दिवा परत लागतो. माणसाला तेवढी सवलत असते का, कोण जाणे.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, धाप का लागलीय? बरे आहात ना?"

"एकदम मस्त," मी म्हणालो.

सलीम माझ्या छातीवर दाबून धरलेल्या हाताकडे बघत होता.